बंदूक नंतर घे, आधी डोळ्यांचं बघ

एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गनने एकमेकांवर प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारायचा खेळ. त्याबद्दल ऐरोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडक्यात देतो:

"दादा, माझं वय 21, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या एका सिनियरमुळे एअरसॉफ्ट खेळणाऱ्या ग्रुपशी ओळख झाली, ते महिन्यातून एक-दोन रविवारी पनवेलच्या पुढे एका खाजगी फार्मवर खेळतात आणि मला पण ये म्हणतायत. इंटर्नशिपचे 25 हजार साठलेत. एक जण ऑनलाईन 18 हजारात एम4 रायफलसारखी दिसणारी इलेक्ट्रिक गन बाहेरून मागवून देतो म्हणतोय. उरलेल्या पैशात प्लेट कॅरिअर (सैनिकांसारखं जड जाकीट), हेल्मेट आणि कॅमो (सैन्यासारखा ठिपक्यांचा) ड्रेस घ्यायचा विचार आहे. गॉगलचा खर्च नाही कारण बाबा रबाळे एमआयडीसीत आहेत, त्यांच्या कंपनीचे सेफ्टी गॉगल घरी पडलेत, ते चालतील ना? मला चष्मा आहे, मायनस अडीच. आई नकोच म्हणते, तिला वाटतं डोळा जाईल. काय करू आणि काय काय घेऊ?"

भावा, पत्र वाचून बरं वाटलं, कारण तू विचारून करतोयस. मी स्वतः आधी गेलो आणि मग शिकलो. पण तुझी यादी मला पूर्ण उलटी करायचीय. तू वरून गन, कॅरिअर, हेल्मेट, कॅमो असं खाली आलास आणि गॉगल फुकटचा धरलास, माझ्या मते पहिला पैसा गॉगलला जायला पाहिजे आणि गनला या वर्षी एक रुपया पण नको. आणि आई चुकीचं बोलत नाहीये. या खेळात बाकी सगळं भरून येतं, पायावर लाल गोल वळ उठतो तो आठवड्यात जातो, डोळ्याचं तसं नसतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. जून संपत आला होता, पावसाची उघडीप होती, आम्ही आठ-दहा जण एका फार्मवर खेळत होतो. आमच्यातल्या एकाचा गॉगल आतून पार धुरकट झाला होता, तो बांबूच्या बेटामागे बसला, आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्याने अंगठ्याने गॉगल खालून जरा वर उचलला आणि बोटाने काच पुसायला लागला, दोन सेकंदाचं काम. मी पंधरा-वीस फुटांवर होतो, मला दिसलं, आणि मी ओरडलो नाही कारण ओरडलो असतो तर माझी जागा कळली असती. कोणीतरी लांबून मारलेला बीबी, म्हणजे आमच्या गनची प्लास्टिकची गोळी, बांबूवर आपटून वळला आणि त्याच्या डोळ्यात गेला. बुबुळाच्या पुढच्या भागात रक्त साचलं, डॉक्टरांनी कित्येक दिवस डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलं, प्रेशरचे ड्रॉप्स सुरू झाले. नजर वाचली पण अशा माराने पुढे कधीही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे दर वर्षी डोळ्याचं प्रेशर तपासायला जाणं त्याला आता जन्मभर आहे. तो मला काही बोलला नाही कधी. पण तेव्हापासून कोणी गॉगलला हात जरी लावला तरी मी सगळा गेम थांबवतो, कोणाला राग आला तरी चालेल.

म्हणून आता बाबांच्या गॉगलचं बोलू, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तो गॉगल हातात घे आणि दांडीवर, काचेच्या कडेला काय कोरलंय ते उजेडात बघ. युरोपचं बरीच वर्षं चालत आलेलं स्टँडर्ड आहे ईएन 166, त्यात मार सोसायच्या ताकदीला इंग्रजी अक्षर देतात. एफ असेल तर 6 मिलिमीटरची पोलादी गोळी, वजन साधारण 0.86 ग्रॅम, 45 मीटर प्रति सेकंद वेगाने मारून तो पास झालाय, म्हणजे माराची ताकद 0.87 ज्युलच्या आसपास. बी असेल तर तीच गोळी 120 मीटरने, म्हणजे 6 ज्युलच्या वर. आता आपला बीबी बघ. 0.20 ग्रॅमचा बीबी 350 एफपीएसने (फूट प्रति सेकंद) सुटला की 1.14 ज्युल होतात. म्हणजे एफवाला चष्मा जेवढ्यावर तपासलाय त्याच्याहून जास्त, आणि दांडीवाल्या चष्म्यांना या स्टँडर्डमध्ये एफच्या वर जाताच येत नाही, बी मिळायला चारी बाजूंनी बसणारा गॉगल लागतो. अमेरिकन स्टँडर्डचा असेल तर झेड 87 च्या पुढे अधिकचं चिन्ह आहे का बघ, ते चिन्ह म्हणजे हाय इम्पॅक्ट. त्या टेस्टमध्ये पाव इंची पोलादी गोळी चष्म्यावर 150 एफपीएसने मारतात आणि गॉगलवर 250 ने, गॉगलचं साधारण 3 ज्युल होतं. तिथेही बघ, चष्मा आणि गॉगल यात केवढा फरक ठेवलाय.

काहीच कोरलेलं नसेल तर तो गॉगल बाबांना परत दे, ग्राइंडिंगची किटाळं नाहीतर केमिकलचे शिंतोडे यासाठी तो असेल आणि त्या कामाला तो चांगलाच असेल, पण आपल्या कामाला नाही. आणि मार्क असून सुद्धा दांडीवाला असेल तर नकोच, गालाच्या बाजूने फट राहते, धावताना घसरतो, पडलास की उडतो. आपल्याला हवाय पट्ट्याने डोक्याला घट्ट बसणारा, कडेने फोमचं सील असलेला, बी किंवा झेड 87 प्लस मार्कचा गॉगल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला इंडस्ट्रियल सेफ्टीच्या दुकानांत विचारलंस तर मार्क दाखवून देतात, हातात घेऊन बघता येतो. ऑनलाईन टॅक्टिकल गॉगल नावाने जे काही शेकडो प्रकार दिसतात त्यात मार्कचा फोटो नसेल तर सोडून दे, दिसायला सगळे सारखेच असतात.

एक गोष्ट अजून, घरी स्वतः गोळी मारून टेस्ट केलेला गॉगल परत घालायचा नाही, आतून तडा गेलेला दिसत नाही. आणि काच स्पिरिट, थिनर, नेलपेंट रिमूव्हर असल्या कशानेही पुसायची नाही, काचेचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक कमजोर होतं. साधं पाणी, थोडा भांडी घासायचा लिक्विड सोप आणि मऊ कपडा, बास.

जाळीचा गॉगल घेऊ का असं तू पुढे विचारशीलच, कारण आपल्याकडच्या दमट हवेत तो धुरकटत नाही म्हणून सगळे सुचवतात. मी नाही सुचवणार. स्वस्तातला बीबी झाडावर आपटून फुटला की त्याचे कण जाळीतून आत येतात, आणि डोळ्याला कण सुद्धा पुरतो. जाळी वापर पण खाली, नाक ते हनुवटी झाकणारा अर्धा जाळीचा मास्क मिळतो तो घे, कारण डोळ्यांनंतर सगळ्यात जास्त जातात ते दात, आणि समोरच्या दाताचा खर्च काय येतो ते एकदा ठाण्यात कुठल्याही डेंटिस्टला विचार, मग मास्कची किंमत काहीच वाटणार नाही. वर सील्ड गॉगल, खाली जाळी, श्वास खालून निघून जातो त्यामुळे धुकं पण कमी येतं.

तुझा चष्मा मायनस अडीच आहे म्हणजे चष्म्याशिवाय खेळता येणार नाही. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल येतात, ओटीजी म्हणतात, दांड्यांसाठी फोमला खाच असते. नाहीतर काही गॉगलमध्ये आत नंबरची छोटी फ्रेम बसते. चष्म्याच्या काचा मात्र पॉलिकार्बोनेटच्या करून घे, म्हणजे गॉगल दाबला गेला तरी आत काच फुटायची भीती नाही. चष्मा आणि गॉगल अशा दोन काचा झाल्या की धुकं दुप्पट येतं, म्हणून डबल पेन म्हणजे मध्ये हवा असलेली थर्मल काच बघ, थोडी महाग पडते पण चष्मेवाल्याने तिथे पैसे वाचवू नयेत. आणि धुकं आलंच, येणारच कधीतरी, तर एक हात वर, मोठ्याने हिट (म्हणजे मी बाद) म्हण, दुसऱ्या हाताने गॉगल तोंडावर दाबून धर आणि सरळ मैदानाबाहेर सेफ झोनला चालत जा, तिथे पुस. एक राऊंड गेला तर गेला.

आता गन. तू म्हणशील सगळी मजा तीच आहे आणि हा तीच नको म्हणतोय. पण कायद्याचं बघ. आर्म्स रूल्स 2016 मध्ये एअरगनसाठी दोन हद्दी लावल्यात, 20 ज्युल आणि 4.5 मिलिमीटरची नळी. त्याच्या वर गेलं की लायसन्सचा विषय येतो. एअरसॉफ्टची ताकद साधारण एक-दीड ज्युल, म्हणजे 20 च्या आसपास पण नाही, पण बीबीच 6 मिलिमीटरचा आहे, नळी त्याच्याहून मोठी असणार. ताकद खेळण्यातल्या वस्तूची पण माप हद्दीबाहेरचं, अशी ही गन मधेच अडकते. वर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या रेप्लिकांचा त्या नियमांत वेगळा उल्लेख आहेच. त्यामुळे कोणी "टॉय म्हणून येतं, टेन्शन नाही" म्हणत असेल तर त्याला एकच विचार, कस्टमने पार्सल अडवलं तर नोटीस कोणाच्या नावावर येईल? पॅकेटवर नाव आणि पत्ता तुझा असतो. तू शेवटच्या वर्षाला आहेस, उद्या पासपोर्ट, नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन, हे सगळं समोर आहे. 18 हजारासाठी हा धोका मी माझ्या सख्ख्या भावाला घेऊ दिला नसता. पुढेमागे घ्यायचीच झाली तर विकणाऱ्याच्या शब्दावर नाही, ऐरोली नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, बेलापूरला मुख्यालय आहे, तिथल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचार आणि लेखीच उत्तर घे.

आणि नेणं-आणणं. ऐरोलीहून पनवेल लोकलने खांद्याला एम4 सारखी दिसणारी वस्तू घेऊन जाशील? बॅगेत असली तरी स्टेशनवर बॅग उघडायला लावली की काय होईल याचा विचार कर. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाई आदेश आपल्याकडे वरचेवर निघत असतात, सणावाराला, निवडणुकीला, मोर्चाला, त्यात शस्त्रं बाळगायला बंदी असते, आणि तुझी वस्तू खेळण्यातली आहे हे समोरच्या हवालदाराला दहा फुटांवरून कसं कळणार. तुला आठवत असेल, सप्टेंबर 2016 ला उरणमध्ये शाळेतल्या मुलांनी गणवेशासारख्या कपड्यातली हत्यारबंद माणसं बघितल्याचं सांगितलं आणि उरणच काय, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, रायगड सगळीकडे हाय अलर्ट लागला होता, नौदल, एटीएस सगळे शोधायला उतरले होते. मुलांनी बरोबरच केलं, 26/11 ला माणसं समुद्रातूनच आली होती, इथली माणसं ते विसरलेली नाहीत आणि विसरू पण नयेत. आपण त्याच पट्ट्यात राहतो. तेव्हा खारघरच्या डोंगरावर नाहीतर खाडीकडेला चार मित्र मिळून खेळू असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिर. येऊर तर संजय गांधी उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्या राहतो, आपल्या प्लास्टिकच्या गोळ्या तिथे पडायलाच नकोत.

कॅमो ड्रेस पण याच कारणाने यादीतून काढ. 2022 मध्ये सैन्याने नवीन डिजिटल पॅटर्नचा युनिफॉर्म आणला, त्याचं डिझाईन सैन्याच्या नावावर नोंदवलेलं आहे, आणि सैनिक असल्याचं भासवायला तसा पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. तुझा तसा हेतू नाही हे मला माहितीये, पण हेतू चौकीत बसून समजावत बसायचा का? त्या कपड्याचा मान ज्यांनी कमावलाय त्यांच्याकडेच राहू दे. मातकट रंगाची ट्रेकची पँट आणि शेवाळी फुल बाह्यांचा टीशर्ट, झाडीत एवढं पुरतं.

मग सुरुवात कशी करायची? ज्या ग्रुपकडे किंवा मैदानावर नियमाने ठेवलेल्या गन आहेत, तिथे भाड्याने घेऊन खेळायची, खेळून झाली की तिथेच परत. पाच-सहा वेळा खेळल्यावरच तुला कळेल की तुला धावत पुढे जायला आवडतं की एका जागी तासभर पडून राहायला, आणि त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

आता हा ग्रुप. तू म्हणशील ते मनाने चांगले आहेत. असतीलच. पण पहिल्या रविवारी खेळू नकोस, नुसता जाऊन बघ, गॉगल मात्र तेव्हाही डोळ्यावर पाहिजे. गेटवर क्रोनो आहे का बघ, म्हणजे प्रत्येक गनचा वेग मोजतात का, आणि कुठला बीबी घालून मोजतात. नुसता 350 हा आकडा अर्धवट आहे, 0.20 ग्रॅमच्या बीबीवर 350 म्हणजे 1.14 ज्युल आणि तोच 350 जर 0.28 ग्रॅमच्या बीबीवर आला तर 1.6 ज्युल झाले, म्हणून एफपीएस नाही ज्युल किती ते विचार. जपानमध्ये, जिथे हा खेळ जन्मला, तिथे कायद्याने 1 ज्युलच्या आत ठेवावं लागतं, आणि तिथे खेळायला काही कमी मजा येत नाही. सेफ झोनमध्ये आल्यावर सगळ्यांची मॅगझिन बाहेर निघते का, चेंबर रिकामं करतात का, नळीवर कापडी टोपी लावतात का. जमीन मालकाची लेखी परवानगी आहे का आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलंय का. आणि मुद्दाम हे विचार, की गेममध्ये कोणी गॉगल काढला तर तुम्ही काय करता? उत्तर ताबडतोब आणि कडक आलं पाहिजे. "तसं कोणी करत नाही रे" असं आलं तर गोड बोलून चहा पिऊन घरी ये.

अजून एक बघायचं ते म्हणजे हिट कोण मान्य करतं. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, पुरावा असतो. इथे बीबी लागला की फक्त लागलेल्याला कळतं. गल्लीत क्रिकेट खेळताना बॅटला कट लागून कॅच गेला तर अंपायर नसताना स्वतःहून बॅट टाकणारा एखादा पोरगा असायचा ना, हा अख्खा खेळ तसल्या पोरांवर उभा आहे. नवीन माणूस म्हणून लोक तुझं नेमबाजी कौशल्य बघत नाहीत, तू शंका असताना पण हिट म्हणून हात वर करतोस का एवढंच बघतात. जो करतो त्याला पुढच्या रविवारी आपणहून फोन येतो. आणि समोरचा हिट घेत नाहीये असं वाटलं तर त्याच्याशी मैदानात भांडायचं नाही, त्याच्यावर गोळ्यांचा पाऊस तर अजिबात पाडायचा नाही, मार्शलला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला, सांगायचं आणि पुढे व्हायचं.

बाकी सामानाचं पटापट सांगतो. बूट घोटा धरणारे पाहिजेत, तू सह्याद्रीत ट्रेक करत असशील तर तेच चालतील, अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज असले तरी उत्तम, या खेळात घोटा मुरगळणं नेहमीचं आहे. हातात बाईकचे ग्लोव्हज, बोटांच्या सांध्यावर बसलेला बीबी फार झोंबतो. गुडघ्याला स्केटिंगचे पॅड. क्रिकेटचा गार्ड किटमध्ये असेलच तो घाल, लाजू नकोस. गळ्याला पंचा गुंडाळ, घाम पण पुसला जातो. हेल्मेट आणि प्लेट कॅरिअर नको, ऑक्टोबर हीटमध्ये आणि मे मध्ये पनवेलच्या त्या उघड्या रानात अंगावर चार किलो जास्तीचा बोजा घेऊन तू तासाभरात गळून जाशील, टोपी घाल आणि कॅरिअरच्या जागी दोन लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या ठेव. जमिनीवर पडलेले बीबी उचलून परत मॅगमध्ये भरायचे नाहीत, मातीचा एक कण नळीत अडकला की गन जाते आणि ती भाड्याची आहे. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नकोस, जखमेतून होणाऱ्या लेप्टोच्या तापाचं माहितीये ना.

कोणाच्या डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, पाण्याचा जोर मारायचा नाही, डोळ्यावर दाब येईल असं काही बांधायचं नाही. कागदी कपाचा तळ कापून डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा ठेवायचा, हलकी चिकटपट्टी, अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही आणि सरळ डोळ्यांच्या हॉस्पिटलला. दुखणं कमी झालं म्हणून सोमवारी बघू असं करायचं नाही. तिथून जवळचं डोळ्यांचं हॉस्पिटल कुठलं आणि रविवारी इमर्जन्सी चालू असतं का, हे जायच्या आधी शोधून फोनमध्ये ठेव.

आईचं म्हणशील तर तिला समजवायला जाऊ नकोस, तिला दाखव. गॉगल आल्यावर तो मार्क तिला वाचून दाखव, बाबांना तर तो लगेच कळेल, त्यांचं रोजचं काम आहे, ते घरात तुझ्या बाजूने बोलणारे पहिले होतील. ग्रुप ठीक वाटला तर दुसऱ्या वेळी दोघांना घेऊन जा, सेफ झोनमध्ये जाळीमागे बसून एक गेम बघू देत त्यांना, गेटवर प्रत्येकाचा गॉगल तपासतायत हे आईने स्वतः बघितलं तर फरक पडेल. तरी ती नको म्हणाली तर अजून थोडा थांब, तुझं 21 च वय आहे.

गॉगल घरी आला की चष्मा घालून त्यावर तो चढव, खालचा मास्क पण लाव, आणि सोसायटीच्या जिन्याने दुपारी अर्धा तास वर-खाली कर, खाली वाक, बस, मान झटक. घाम फुटू दे चांगला. धुकं आलं किंवा कानामागे चष्म्याची दांडी टोचायला लागली तर रिटर्नचे दिवस संपायच्या आत परत पाठव आणि दुसरा मागव. मी तिसऱ्या गॉगलवर स्थिरावलो.